गंजकी बादली आणि राजूचा होकार

राजूचा होकार दुबईहून दुधाच्या पावडरीच्या डब्यातून आला, तेव्हा तो ऐकायला कापडे गावातल्या गोदूबाईच्या अंगणात सतरा माणसं, दोन कुत्री आणि शेजारची एक म्हैस एवढी मंडळी हजर होती. म्हैस आपणहून आली होती. बाकीच्यांना गोमाजीने बोलावलं होतं.

गोमाजी हा गोदूबाईचा थोरला दीर. घर वेगळं, चूल वेगळी, पण दोन्ही घरांत मिळून आवाज एकच होता आणि तो गोमाजीचा होता. गोदूबाईकडे भात कधी झोडायचं, बैल कुठला विकायचा, पाहुण्याला चहा द्यायचा की नुसतं पाणी, हे सगळं तो आपल्या ओटीवर बसून ठरवायचा आणि तिथूनच ओरडून कळवायचा. गोदूबाईच्या नवऱ्याला, भागोजीला, चार वर्षांपासून कमी ऐकू येत होतं. गावात म्हणत, भागोजीचे कान वयाने गेलेले नाहीत, भावाने वापरून संपवलेत.

तर या गोमाजीने पुतण्याचं, राजूचं, लग्न काढलं होतं. मुलगी शेजारच्या शेतातल्या चांगूची पूजा. पोरगी चांगली, बारावी झालेली, पण गोमाजीला पूजा दिसतच नव्हती. त्याला चांगूचा बांध दिसत होता. गोमाजीच्या खालच्या शेताला गाडीवाट नव्हती, ती त्या बांधावरून मिळाली असती. सोयरीक जमली की वाट मागावी लागत नाही, वरातीच्या पायांनी ती आपोआप पडते, असं त्याचं म्हणणं.

राजूला हे लग्न नको होतं, आणि ते एका गोदूबाईलाच माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी वीरच्या स्टेशनावर गाडीची वाट बघताना तो तिला म्हणाला होता, "आये, लगीन इतक्यात नको. तिकडं क्रेन चालवायचं लायसन काढणार हाय मी. मग माझं मी बघीन."

"मग सांग की काकास."

"सांगतो ना," राजू म्हणाला, आणि गाडी सुटली ती सुटलीच. राजूचा स्वभावच तसा. शाळेत दुसऱ्या कुणाच्या चुकीसाठी मास्तरांनी एका हातावर छडी मारली, तर याने दुसरा हात पुढे करून विचारलं होतं, "यावर पण मारताव काय, गुरुजी?" जन्मल्यापासून त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघालेला कुणी ऐकला नव्हता. तो एकदा निघावा, एवढंच गोदूबाईला हवं होतं. मग चांगूची काय, राजाची मुलगी आली तरी तिचं काही म्हणणं नव्हतं.

त्या वेळी कापड्यात फोन नव्हता. पोलादपूरला जाऊन लावावा, तर 'हॅलो, ऐकू येतंय का' एवढंच दोन्हीकडून बोलून व्हायचं. पत्र लिहावं, तर घरात वाचणारं कोणी नाही. म्हणून आखातात गेलेली पोरं कोरी कॅसेट घेऊन तिच्यावर आपलं बोलणं भरायची आणि सुट्टीवर निघालेल्या माणसाबरोबर धाडायची. गोमाजीनेही लग्नाचं राजूला असंच कॅसेट भरून विचारलं होतं. राजूच्या कंपनीत दासगावचा अजमल होता. तो निघाला की वीस घरांची पार्सलं त्याच्या गळ्यात पडत. यंदा अजमलने युक्ती केली होती. सगळ्यांचा माल दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यांत भरून घेतला. डब्याच्या रंगीत अंगावर शाई टिकेना, म्हणून नावं झाकणांवर लिहिली. विमानतळावर तपासणीत सगळे डबे उघडावे लागले, आणि मागे रांग खोळंबलेली बघून अजमलने हाताला येईल ते झाकण समोरच्या डब्यावर ठोकून दिलं. झाकणं सगळी एकाच मापाची. तिथेच सगळा घोटाळा झाला.

गोदूबाईच्या हाती आलेल्या डब्यावर 'राजेश भागोजी, मु. कापडे' असं लिहिलेलं होतं. आत तीन कॅसेटी. एकीवर पेनाची एक रेघ, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. शिवाय इंग्रजीत एक चिठ्ठी. ती गोमाजीने उलटीसुलटी करून "ही हिकडं राहू दे" म्हणत कनवटीला लावली.

"तीन भरल्यात!" चांगू खूश झाला. तो मोठी टोपी घालून पुढच्या घोंगडीवर बसला होता. "पोरगं बोलकं दिसतंय."

"आमच्या घरातलं हाय," गोमाजी म्हणाला. "लाव गो, राजूच्या आये."

"कुठली लावू?" गोदूबाईने विचारलं. "पयली?"

यावर अंगणात दोन तट पडले. पहिल्यापासून ऐकावं म्हणणारे एक, आणि पाहुण्यांना जायचंय म्हणणारे दुसरे. गोमाजीने हात वर केला.

"पयल्या कॅशेटीत पोरगं हवापाणी सांगणार. दुसऱ्या कॅशेटीत गुरांची चौकशी करणार. मुद्द्याचं माणूस शेवटाला बोलतो. तिसरी लाव."

गोदूबाईने तीन रेघांची लावली. आधी एक लाकडी, संथ टणटण ऐकू आली. मग कुणीतरी झोपेतून उठल्यासारखं, तोंडातल्या तोंडात, घोगऱ्या आवाजात पुटपुटू लागलं.

"हे वाजतंय काय?"

"खोलीत कोणतरी तुणतुणंवाला असंल."

"आवाज किती बसलाय राजूचा!"

"ऊन काय थोडं असतं तिकडं?"

"पण बोलतोय काय?" चांगूने विचारलं.

गोमाजीने टेपला कान लावला. एक अक्षर कळलं नाही. पण सतरा माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि 'मला कळलं नाही' हे वाक्य गोमाजीने आयुष्यात वापरलेलं नव्हतं. त्याने मान डोलावली. "होय म्हणतोय. लाजत लाजत म्हणतोय, म्हणून असं येतंय."

"पण भाषा कुठली ही?"

"दोन वरसं झाली त्याला तिकडं. तुझ्यासारखा कापड्यात बसून नाय राह्यला तो."

गोदूबाईला पहिल्याच श्वासाला कळलं होतं, की हा राजू नव्हे. राजू बोलायच्या आधी नाक ओढतो. हा कुणी दुसराच, दुसऱ्या कुणाच्या आयेचा दुखावलेला पोर होता. ती ते सांगायला पुढे झाली, तोच गोमाजी ओरडला, "बघत काय राह्यलीस? साखर आण! होय म्हणाला पोरगा!"

ती आत गेली. बाहेर जाऊन 'हा माझा राजू नाय' म्हणावं, तर गोमाजी काय म्हणणार ते तिला पाठ होतं. डबा चुकला असंल तर असू दे, राजूच्या वतीनं मी बोलतो, होय. म्हणजे गोष्ट तिथेच आली असती. साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. ते ओढता ओढता गोदूबाई मध्येच थांबली, झाकण परत दाबून बसवलं आणि रिकाम्या हाताने बाहेर आली.

"भावजी," ती म्हणाली, "हा राजूच ना? नक्की?"

"माझ्या पुतण्याचा आवाज मला कळत नाय?"

"चांगूतात्या, तुम्ही ऐकलात ना भावजी काय म्हणाले? आणि बाकीच्यांनी?"

सगळ्यांनी ऐकलं होतं.

"मग पोरानं येवढ्या तीन भरल्या, नि आपण एकीवर साखर वाटली, हे बरं नाय दिसत. बाकीच्या दोन पण ऐकू."

"लाव, लाव," गोमाजी हसला. "तीनदा होय ऐकू."

त्या कॅसेटीत काय आहे हे गोदूबाईलाही माहीत नव्हतं. पण जे असेल ते आता सतरा साक्षीदारांसमोर राजूच्या नावावर लागलेलं होतं. तिने एक रेघेची कॅसेट घातली, आवाजाची चकती शेवटपर्यंत फिरवली आणि बटण दाबलं.

पुढे जे झालं ते कापड्यात आजही सांगतात, आणि सांगताना त्यातलं काही कमी करत नाहीत. आधी दगडाच्या खाणीत सुरुंग उडाल्यासारखा आवाज झाला. त्यातून एक माणूस ओरडत वर आला. ओरडला म्हणजे असा, की पेंढ्याच्या उडवीवरच्या कोंबड्या थेट कौलांवर गेल्या, एक कुत्रा चांगूच्या मांडीवर चढला, आणि म्हैस दावं नसतानाही दावं तोडल्यासारखी पळाली. माणूस श्वास घ्यायला थांबला, की मागचे लोक पत्रे बडवत. पत्रे थांबले, की माणूस पुन्हा सुरू.

"हा आनंद झालाय त्याला!" गोमाजी त्या गदारोळातून ओरडला.

"माझ्या मुलीचं नाव काढल्यावर कुणाला असा आनंद होत असंल," चांगू कुत्र्याला ढकलत ओरडला, "तर मला तिथं मुलगी द्यायची नाय!"

"थांबा, थांबा! दोन रेघांची लाव गो! त्यात शांत झाला असंल!"

दोन रेघांची लावली. सुरुवात खरंच गोड होती. बारीक, ओढ्याच्या पाण्यासारखी. गोमाजीच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "बघा! मी काय म्हणत होतो? निवळला. आता तुमच्या पूजाची..."

तेवढ्यात खाण पुन्हा उडाली. आता तर माणूस पहिल्यापेक्षा तयारीने ओरडत होता.

चांगूने टोपी सारखी केली आणि उठला. "गोमाजी, पोरगा तुझा शहाणा हाय. होय म्हणायचं तर एकदा म्हटलं असतं. येवढं तीन कॅशेटी भरून कोण होय म्हणतंय?"

अंगण रिकामं झालं. एकटा भागोजी खांबाला टेकून बसला होता आणि त्याच्या तोंडावर विलक्षण समाधान होतं. "अगो," तो बायकोला म्हणाला, "चार वरसांत पयल्यांदा कोणतरी नीट बोललं. मला साफ ऐकू आलं."

पुढचे आठ दिवस गोमाजी बोलला नाही. दोन्ही घरांत इतकी शांतता झाली, की गोदूबाईला स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला. भात झोडताना ती एक रेघेची कॅसेट लावी. तो माणूस काय म्हणतो ते तिला कळत नव्हतं, पण कशासाठी म्हणतो ते कळत होतं. बैल विकला तेव्हा, माहेरी जायचं राहिलं तेव्हा, पाहुण्यासमोर चहा परत आत पाठवला तेव्हा, तिने घशातल्या घशात जे जे दाबलं होतं, ते सगळं हा कुठलासा परका बाबा तिच्या वतीने एकदम बाहेर काढत होता. भाताची पेंढी आपटताना तिचा हात त्याच्या पत्र्यांबरोबर पडू लागला. एक दिवस तीही त्याच्याबरोबर ओरडली. आसपास कुणी नाही ना, हे तिने नंतर पाहिलं. त्या आठवड्यात कापड्याच्या शेतांतून वानरं जी गेली, ती म्हणे थेट महाबळेश्वरच्या बाजूला दिसली.

नवव्या दिवशी महाडहून एक पोरगा आला. केस खांद्यापर्यंत, अंगात थंडीतला जाड चौकड्यांचा शर्ट, घामाने निथळलेला, विजारीचे दोन्ही गुडघे फाटलेले.

"बाबा, कुठं पडलास रे?" गोदूबाई पाणी घेऊन धावली.

"पडलो नाही मावशी, ती फॅशन आहे." त्याने पिशवीतून दुधाच्या पावडरीचा डबा काढला. "मी सोहेल. अजमलभाईचा चुलतभाऊ. तुमचा डबा माझ्याकडे आलाय आणि माझा तुमच्याकडे. यात साबण, बाम आणि तुमच्या राजेशची कॅसेट आहे."

गोदूबाईने डबा छातीशी धरला. "तू ऐकलीस?"

सोहेल जरा लाजला. "खरं सांगू? सहा महिने वाट बघत होतो मी माझ्या कॅसेटींची. आली म्हणून चार दोस्तांना बोलावलं, खिडक्या बंद केल्या. तर सुरू झालं, 'आये, पाया पडतो. हिकडं भेंडी बारा महिने मिळते.' आम्हाला वाटलं, बँडने काहीतरी नवं केलंय. वीस मिनिटं मान डोलवत ऐकलं. एक दोस्त म्हणाला, भेंडी म्हणजे इथे एकटेपणा. मग गोमाजीकाकांचं नाव आलं, तेव्हा मला डाऊट आला."

"आणि तुझा हा ओरडणारा कोण?"

"रस्टी बकेट! अमेरिकेतला बँड आहे, मावशी." त्याने जरा विचार केला. "म्हणजे गंजकी बादली."

"नाव चांगलं हाय," गोदूबाई म्हणाली. "आमच्या विहिरीवर हाय तशी. तिचा पण आवाज तसाच."

"तुम्ही ऐकलंत?"

"रोज ऐकते. पण भावजींनी तिसरीपासून सुरू केलं, म्हणून तर फसले."

"तिसरीपासून? तौबा!" सोहेलने कपाळावर हात मारला. "तिसरी ते लोक थकल्यावरची. नुसतं रडगाणं. अजमलभाईने चिठ्ठी घातली होती ना, कुठून सुरू करायचं त्याची? दोन रेघांच्यापासून. सगळे जाणकार तेच सांगतात. दुसरी आधी, तिच्यात गोडही आहे आणि तिखटही. कान तयार झाला की मग मागे पहिलीकडे जायचं. पहिली एकदम ऐकली तर माणूस घाबरतो."

"छ्या!" गोदूबाईने मान उडवली. "दुसरीचा काय भरवसा? आधी गोड बोलते नि मग ओरडते. माणसानं आधी ओरडावं. मग तो गोड बोलला तरी समोरचा नीट ऐकतो. पयलीपासनंच सुरू करायचं."

महाडच्या कॉलेजात या विषयावर सोहेलने दोन मित्र गमावले होते, पण असा मुद्दा कुणी मांडला नव्हता. 

मग राजूची कॅसेट लावली. आधी नाक ओढल्याचा आवाज आला आणि गोदूबाईने पदर डोळ्याला लावला. "हा माझा राजू." भेंडी झाली, ऊन झालं, भागोजीच्या कानांची चौकशी झाली. मग राजू अडखळला.

"काका, तुम्ही चांगूतात्यांच्या पूजाबद्दल विचारलंत. तर माझं म्हणणं असं हाय की..." मोठा श्वास. मागे कुठलं तरी यंत्र घरघरत होतं. "असं हाय की... तुम्ही म्हणाल तसं." आणि मग अगदी हळू, "लायसनचं काय, राह्यलं तरी चालंल."

गोदूबाई टेपकडे बघत राहिली. एवढ्या लांब, समुद्रापलीकडे जाऊनही पोराने दुसरा हात पुढे केलाच होता.

इतक्यात बांधावरून आवाज आला. "थांबा! कोणी हात लावू नका त्या कॅशेटीला!"

"तू घर कोणाला विचारलंस, बाबा?" गोदूबाईने हळूच विचारलं.

"त्या वरच्या ओटीवर एक काका होते," सोहेल म्हणाला. "त्यांना म्हटलं, राजेशची खरी कॅसेट घेऊन आलोय."

गोमाजी एकटा येत नव्हता. त्याने वाटेत चांगूला शेतातून उठवून बरोबर घेतलं होतं. आठ दिवसांचं साठलेलं बोलणं तो बांधावरूनच सोडत येत होता.

सोहेलने घाईने टेप थोडी मागे घेतली, थांबवली. "जपा हां, मावशी. हे लाल बटण आणि हे शेजारचं, दोन्ही एकदम दाबलीत तर आधीचं सगळं पुसलं जाईल आणि इथलं बोलणं भरलं जाईल. चुकून हात लावू नका."

"कुठलं लाल?"

"हे. आणि हे."

"एकदम?"

सोहेलने तिच्याकडे पाहिलं. तिने सोहेलकडे पाहिलं. "मी जरा विहिरीवर तोंड धुऊन येतो," सोहेल म्हणाला आणि मागच्या दाराने गेला. गोदूबाईने दोन्ही बटणं एकदम दाबली आणि टेपवर पदर टाकून बसली.

"कुठं हाय ती?" गोमाजी अंगणात शिरला. "मला न विचारता ऐकायला बसलीस? कोणाला विचारून?"

"राजू काय म्हणतोय ते बघावं म्हटलं, भावजी."

"राजू काय म्हणणार? या घरात मी हाय तोवर दुसऱ्या कुणाचं म्हणणं चालायचं नाय!"

"काय?" खांबाजवळून भागोजीने विचारलं.

"मी हाय तोवर," गोमाजीने भावासाठी आवाज दुप्पट केला, "दुसऱ्या कुणाचं चालायचं नाय! मी सांगीन तेव्हा बोलायचं, मी सांगीन तेव्हा गप बसायचं! राजूच्या तोंडून मीच बोलणार! लगीन पण मीच ठरवणार नि वाट पण मीच काढणार!"

"कसली वाट?" चांगूने विचारलं.

"ते नंतर!" गोमाजी म्हणाला. पदराखाली बटण बारीक वाजलं. "आता लाव ती. चांगू, बस. खरा होकार ऐक. ते दुसरं कोणीतरी येडं होतं, मी तेव्हाच म्हटलं होतं."

गोदूबाईने टेप निमूट मागे नेली आणि लावली. भेंडी झाली. ऊन झालं. गोमाजीने चांगूच्या गुडघ्यावर थाप मारली. "आवाज ओळख. हा आमचा राजू."

"काका," टेपमधून राजू म्हणाला, "तुम्ही चांगूतात्यांच्या पूजाबद्दल विचारलंत. तर माझं म्हणणं असं हाय की..."

खट्ट झालं. आणि टेपमधून गोमाजी गरजला, "कुठं हाय ती? मला न विचारता ऐकायला बसलीस?"

गोमाजीचं तोंड उघडंच राहिलं. टेपमधल्या गोमाजीचं मात्र सुरू होतं. दुसऱ्या कुणाचं चालायचं नाय. सांगीन तेव्हा गप बसायचं. राजूच्या तोंडून मीच बोलणार. वाट पण मीच काढणार. सगळं झाल्यावर पुन्हा खट्ट झालं आणि लांबून राजूचा बारीक आवाज आला, "...बाकी हिकडं सगळं ठीक. पाया पडतो."

"हे... हे मी आत्ता बोललो!" गोमाजी किंचाळला.

"आत्ताच नाय, भावजी," गोदूबाई उभी राहत म्हणाली. "तीस वरसं हेच बोलताय. त्या यंत्राला काय ठावं आत्ताचं कुठलं नि मागचं कुठलं? पोरगा म्हणणं सांगायला तोंड उघडतो, नि मध्ये तुम्ही. आज ते कानांनी ऐकलंत, येवढंच."

तिचा आवाज नेहमीचा नव्हता. खालच्या आळीपर्यंत पोचला. कौलांवरची एक कोंबडी, जी नऊ दिवसांनी नुकतीच खाली उतरायला निघाली होती, ती परत वर गेली.

"आता राजूस पुन्हा विचारायचं," गोदूबाई म्हणाली. "त्याचं त्याला. होय म्हणाला तर मी स्वतः पूजाला आणीन, वाजत गाजत. पण तो म्हणाला पायजे."

चांगू अजून वाटेवरच अडकला होता. "गोमाजी, वाट म्हंजे माझ्या बांधावरनं काय रे?" गोमाजीने आपल्या ओटीची वाट धरली. "वहिनी, विचारा तुम्ही पोराला," चांगू उठत म्हणाला. "माझी पूजा पण महाडला डीएड करीन म्हणतेय. तिला पण मी अजून नीट विचारलं नाय."

अजमल परत निघाला तेव्हा त्याच्या सामानात कापड्याचा एक डबा होता. नाव झाकणावर, पोटावर आणि बुडाला, तिन्ही ठिकाणी खिळ्याने कोरलेलं. आत एक रेघेच्या कॅसेटीची नक्कल आणि गोदूबाईने भरलेली एक कॅसेट होती. नक्कल सोहेलने करून दिली होती. खरी मात्र त्याला परत मिळाली नाही. तोही नक्कलच घेऊन गेला. "मला सवय झालीय तिची," एवढंच गोदूबाई म्हणाली, आणि तिचा तो नवा आवाज ऐकून सोहेलने वाद घातला नाही.

तिने राजूला भरलेलं बोलणं थोडकंच होतं. "राजू, ही गंजक्या बादलीची पयली हाय. तिथली पोरं तुला दुसरीपासून ऐक म्हणतील, ऐकू नको. तिसरी कोणी फुकट दिली तरी हात लावू नको. कामावरनं आलास की ही लाव. त्या माणसाबरोबर ओरडायला शीक. आलं म्हंजे मग काय ते मला सांग."

उत्तर शिमग्याच्या सुमाराला आलं. पुन्हा अंगण भरलं. चांगू आला, म्हैस आली, सोहेल महाडहून तोच जाड शर्ट घालून आला. गोमाजी आपल्या ओटीवर पाठ करून बसला होता, आणि बसल्या बसल्याच, कुणाचं लक्ष नाही असं बघत, गोदूबाईच्या अंगणापर्यंत सरकला होता.

नाक ओढल्याचा आवाज आला.

"आये, पाया पडतो. बाबा, पाया पडतो. पयली ऐकली. दोन महिने तीच ऐकतोय. खोलीतले मला बाहेर काढणार होते." मग पुन्हा नाक ओढलं. "काका... तुमच्या पण पाया पडतो. तुम्ही पूजाबद्दल विचारलंत. तर माझं म्हणणं असं हाय..."

 गोमाजीचा चेहरा हळूहळू उजळू लागला. ही जागा त्याच्या ओळखीची होती.

"नाय," राजू म्हणाला.

ओरडला नाही. साधंच म्हणाला, जरा घसा बसल्यासारखं, पण म्हणाला. गोदूबाई तडक आत गेली. या वेळी साखरेच्या डब्याचं झाकण एका ओढीत निघालं. तिने चांगूच्या हातावर साखर दिली, सोहेलच्या दिली, म्हशीच्या तोंडाला लावली आणि शेवटी गोमाजीपुढे उभी राहिली.

"साखर कसली?" गोमाजी हात मागे घेत म्हणाला. "काय म्हणाला तो? मला तर काय ऐकू नाय आलं."

खांबाला टेकलेला भागोजी पहिल्यांदाच पुढे वाकला.

"मला आलं," तो म्हणाला.